बिनवाचलेली पुस्तकं

आमच्या घरातून देव गेले आणि पुस्तकं आली. दोन्ही गोष्टी बाबांनीच केल्या, आणि दोन्ही वेळा त्यांनी मायला विचारलं नाही. धम्माची दीक्षा घेऊन आल्यावर त्यांनी फळीवरचे देव एका फडक्यात बांधून नेले, फळी ओल्या कापडानं पुसली आणि म्हणाले, "आता इथं पुस्तकं ठेवू." माय म्हणाली, "कोनती?" प्रश्न बरोबर होता. घरात माझी अंकलिपी आणि एक पंचांग सोडून वाचण्यासारखं काही नव्हतं, आणि पंचांग तर देवांबरोबरच गेलं होतं. काही महिने फळी रिकामी राहिली. मग मायनं तिच्यावर तिखट-मिठाचे डबे मांडले.

तेव्हा आम्ही अमरावतीला राहत होतो. बाबा शिक्षण खात्याच्या कचेरीत कारकून होते. त्यांचे एक जुने साहेब होते, शाळा तपासनीस म्हणून पेन्शन घेतलेले. ते घरदार विकून पुण्याला मुलाकडे कायमचे निघाले होते, आणि सामानाची बांधाबांध करायला बाबा मदतीला गेले होते. साहेबांच्या घरी एक अख्खी खोली पुस्तकांची होती. मुलानं कळवलं होतं की पुण्यात एवढी जागा नाही. साहेब त्या खोलीच्या दारात उभे राहून म्हणाले, "वानखडे, यांचं काय करावं हो?" बाबा म्हणाले, "मी नेतो." साहेबांना वाटलं, चार-दोन नेतील. "किती नेता?" "सगळी." साहेब हसले. "आणि वाचणार?" बाबा म्हणाले, "हो."

हा "हो" पुढं आम्हाला फार जड गेला. बाबा मोजकं बोलत, पण तोंडातून गेलेला शब्द ते कचेरीतल्या फायलीसारखा, निकाल लागेपर्यंत सोडत नसत.

वलगावचा माझा मामा कापूस घेऊन बाजारात आला होता. त्याची गाडी परत जाताना रिकामी होती, ती बाबांनी वळवली. गाडीनं बऱ्याच खेपा केल्या. आमचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत उजव्या भिंतीला पुस्तकं लागायला लागली, ती कमरेपर्यंत आली, मग खांद्यापर्यंत आली, मग खिडकी झाकली गेली. मामा घाम पुसत म्हणाला, "भाऊजी, हे जनावरं खातात का?" बाबा म्हणाले, "नाई." मामा म्हणाला, "मंग एवढं कायले?" माय दारात उभी राहून पाहत होती. त्या भिंतीला तिची ज्वारीची कोठी होती. ती म्हणाली, "अन् जवारी कुठी ठेवू?" बाबांनी विचार केला आणि जाड जाड पुस्तकांचा एक चौथरा रचून त्याच्यावर कोठी ठेवली. पुढं त्यांची वाचण्याची पाळी आली तेव्हा अख्खी कोठी रिकामी करावी लागली. ते कायद्याचे ग्रंथ निघाले.

वाचण्याचा नियम बाबांनी त्याच दिवशी ठरवला. पुस्तकं ज्या क्रमानं हाताला लागतील त्याच क्रमानं वाचायची. आवडीनिवडीला जागा नाही. वाचून झालेलं पुस्तक डाव्या भिंतीला जाईल, आणि उजवी भिंत मोकळी होईपर्यंत नवीन पुस्तक घरात येणार नाही. बाबा पहाटे उठून कचेरीच्या वेळेपर्यंत वाचत आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर पुन्हा वाचत. पुस्तक संपलं की ते दोन्ही हातांत धरून खोली ओलांडून पलीकडे नेत. त्या वेळी आम्ही मधे असलो तर बाजूला व्हायचं. गायीगुरांच्या आजारांचं एक पुस्तक होतं, ते त्यांनी वाचलं. आमच्याकडे कोंबडीसुद्धा नव्हती. एका कादंबरीचा दुसरा भाग होता, पहिला नव्हता. बाबांनी दुसरा वाचला आणि पहिल्यात काय काय झालं असेल ते आम्हाला जेवताना सांगितलं. इंग्रजी पुस्तकं ते मोठ्यानं वाचत, म्हणजे कळली नाहीत तरी ऐकली तरी जातील. अंबाडीची भाजी, भाकर आणि ठेचा पुढं घेऊन आम्ही बसलेलो, आणि बाबा एका इंग्रज माणसाचं भाषण आम्हाला ऐकवताहेत, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. त्या भाषणात काय होतं ते मला आजही माहीत नाही. ठेचा मात्र आठवतो.

मायला अक्षरं बाबांनीच लग्नानंतर शिकवली होती. तिला वाचता येत असे, पण सावकाश. ओठ आधी हलत, आवाज मागून येई. पुस्तकांच्या भानगडीत ती पडली नाही. तिचं म्हणणं एवढंच होतं की उंदीर फार झाले आहेत.

बाबांची अकोल्याला बदली झाली तेव्हा शेजारच्यांना वाटलं की पुस्तकं आता इथंच राहतील. ती एका रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमधून आली. बाबा ट्रकच्या मागच्या बाजूला, वाचलेल्या आणि न वाचलेल्या पुस्तकांच्या मधोमध बसून आले, म्हणजे रस्त्यात त्यांची सरमिसळ होणार नाही. माय आणि मी बडनेऱ्याहून रेल्वेनं आलो. अकोल्याचं घर मोर्णा नदीच्या पलीकडे, एका जिनिंगच्या जवळ होतं. सकाळी भोंगा वाजे आणि हंगामात हवेत कापसाची धूळ असे. ती पुस्तकांवर बसे, भाकरीवर बसे, माझ्या वेण्यांवर बसे. माय रोज सगळं झटकी. आजही कोणी जुनं पुस्तक माझ्यासमोर उघडलं तर मी आधी फुंकर मारते. नातवंडं हसतात.

अकोल्यातल्या दुसऱ्या उन्हाळ्यात बाबा म्हणायला लागले की कंदील नीट जळत नाही. मायनं काच पुसली. मग वात बदलली. मग दुसऱ्या दुकानातून तेल आणलं. बाबा रोज म्हणत, "अजून अंधुकच हाय." मायनं काच इतकी पुसली की ती हातातच फुटली. नवीन काच आणली तरी तेच. मग एकदा दुपारी, दार सताड उघडं, बाहेर डोळे दिपतील असं ऊन, आणि बाबा पानावर वाकून म्हणाले, "कंदील लाव गं." मायनं माझ्याकडे पाहिलं. कंदील लावायला कोणी उठलं नाही.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपा, वाचन बंद करा, असं ते म्हणाले. बाबांनी विचारलं, "किती बंद?" डॉक्टर म्हणाले, "पूर्ण." बाबा म्हणाले, "पन अजून अर्धी भिंत हाय." डॉक्टरांना वाटलं, घराचं बांधकाम चालू आहे. ते म्हणाले, बांधकाम दुसऱ्या कोणाला सांभाळू द्या.

नजर जपूनही राहिली नाही. वर्षभरात बाबांना माणसं आवाजावरून ओळखावी लागली. त्यांनी मुदतीआधी पेन्शन घेतली आणि ते घरी बसले. घरी बसले म्हणजे उजव्या भिंतीसमोर बसले. त्यांना ती दिसत नव्हती, पण ती तिथं आहे हे त्यांना ठाऊक होतं. ते मधूनच हात पुढं करून वरचं पुस्तक चाचपत आणि हात मागं घेत. त्या दिवसांत ते जेवायचेही कमी झाले. माय दोनदा वाढायला गेली तर दोनदा "नको" म्हणत. आमच्या घरात "नको" हा शब्द भाकरीला कधी लागला नव्हता.

मी मॅट्रिकच्या वर्गात होते. मी म्हटलं, मी वाचून दाखवते. दोन पानं झाली आणि बाबा म्हणाले, "तू काय गाडी पकडाले चालली का?" मी सावकाश वाचलं तर म्हणाले, "आता गाडी हुकली." तेव्हा माय तांदूळ निसत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले आणि माझ्या हातातून पुस्तक घेतलं. "जाय तू, अभ्यास कर," म्हणाली.

तेव्हापासून दुपारची जेवणं आटोपली की माय भिंतीला टेकून वाचायला बसे. खिडकीवर भिजवलेलं पोतं टांगलेलं, बाबा डोळे मिटून समोर, आणि मायचा आवाज एकेका शब्दाला हात धरून चालवत नेल्यासारखा. माझी शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी मी आतल्या खोलीत भूमिती करत असे. पहिले काही दिवस मी लक्ष दिलं नाही. मग एकदा एका हिमालयातल्या प्रवासाचं पुस्तक चालू होतं, त्यात तो लेखक बर्फात एका झोपडीशी पोचला आणि तिथल्या म्हातारीनं त्याला गरम भाकर आणि चून, म्हणजे आपलं पिठलं, वाढलं. मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या झोपडीत पुन्हा भाकर आणि चून. मायचं वाचन संपल्यावर मी ते पान काढून पाहिलं. लेखकानं झोपडीत रात्र काढली एवढंच होतं.

मी मायला चुलीपाशी गाठलं. "माय, त्यात भाकर नाई."

"दोन दिस झाले, चालूनच राहिला तो," माय म्हणाली. "त्याले कोनी जेवाले नाई दिलं. मले वाचवेना."

बाबांना संशय आला नाही. उलट, एका नाटकातला राजा जेव्हा प्रधानाला "काऊन बे?" म्हणाला, तेव्हा बाबा खूश होऊन म्हणाले, "हा लेखक वऱ्हाडातला दिसते." त्यांचं जेवण पुन्हा पहिल्यासारखं झालं. पुस्तकं एकामागून एक खोली ओलांडून जाऊ लागली. आता ती माय नेई, आणि बाबा पावलांच्या आवाजावरून ती पोचल्याची खात्री करून घेत.

त्या वर्षी आमच्या शाळेत मराठी शिकवायला आगाशे सर होते. मूळचे पुण्याकडचे, बोलणं स्वच्छ, कोट इस्त्रीचा. माझा वर्गातला निबंध वाचून त्यांनी घरी कोण वाचतं म्हणून विचारलं होतं, आणि तेव्हापासून ते अधूनमधून रविवारी सकाळी बाबांशी बोलायला येत. ते आमच्याकडे चहा घेत. हे तेव्हा सांगण्यासारखं होतं, म्हणून सांगते.

अशाच एका रविवारी त्यांनी विचारलं, "मग, सध्या काय वाचन चाललंय?"

"कादंबरी," बाबा म्हणाले. "वकिलाच्या घरची. थे सून खिडकीत बसून राहते अन् रडते."

सरांनी लगेच ओळखली. "वा! मी कॉलेजात असताना वाचली होती. दोनदा. सूनबाईंचं मन किती नाजूकपणे उलगडलंय!"

"असन," बाबा म्हणाले. "पन मले रखमी आवडली."

"रखमी?"

"मोळीवाली."

सर आठवू लागले. बाबांना वाटलं, सर विसरले असतील, म्हणून त्यांनी सांगायला सुरुवात केली. रखमी नदीपलीकडून मोळी घेऊन वकिलाच्या वाड्यात येते. नवरा जिनिंगमध्ये कामाला गेला तो तिकडेच राहिला. बरोबर सात-आठ वर्षांची पोरगी असते. परतताना वाटेत शाळा लागते. मास्तर पोरीला आत बसू देत नाही. मग रखमी एक मोळी न विकता ठेवूनच देते, ती शाळेच्या खिडकीखाली उभी करते, आणि पोरगी त्या मोळीवर चढून गजांतून फळा पाहते. रखमी मोळीला खालून धरून उभी असते, की ती कलंडू नये. "अन् पोरगी वरून विचारते, माय, हा मास्तर पुसते काऊन? लिहिलं तर राहू द्यावं ना." बाबा थांबले. "तुमाले हे नाई आठवत?"

आगाशे सरांच्या हातातली कपबशी तशीच होती. "नाही," ते म्हणाले. "वानखडे, मी ती दोनदा वाचली आहे. असं काही त्यात नाही."

"मंग तिसऱ्यांदा वाचा," बाबा म्हणाले. "सुमन, पुस्तक आन. सरांले रखमीचं पान काढून दे."

मी पुस्तक आणलं. पान मला माहीत होतं. सूनबाई खिडकीत बसली आहे, संध्याकाळ होते आहे, आणि तिचं दुःख दोन पानं चाललं आहे. त्या दोन पानांच्या मधे एक ओळ होती: अंगणात कोणी बाई मोळी टाकून गेली. मी पुस्तक उघडून उभी राहिले. सर माझ्याकडे पाहत होते, बाबा माझ्या दिशेनं कान करून होते. आत भाकर थापल्याचा आवाज चालू होता, तो थांबला. पिठाच्या हातांनी माय बाहेर आली.

"थे पान सापडनार नाई," ती म्हणाली. "रखमीचं मी सांगतलं."

बाबांना आधी समजलंच नाही. "तू सांगतलं म्हंजे?"

"पुस्तकात मोळी टाकून गेली एवढंच हाय. त्याच्या पुढं माहं."

"काऊन?"

"गेली कुठी थे?" माय म्हणाली. "टाकली अन् गेली. दारातून भाईर पडली का मानूस नाई राहत का? मी टाकली हाय मोळी, वलगावहून आनून. टाकून कोनी जात नाई. पाठ सरळ कराले लागते. घरातल्या बाईले आवाज द्या लागते. थे भाईर येईपर्यंत उन्हात उभं राहा लागते. अन् हे बाई खिडकीतच बसून होती ना, मंग तिले दिसली कशी नाई?"

सरांनी कपबशी खाली ठेवली. त्यांनी चपला घातल्या, उंबऱ्यापाशी थांबले आणि बाबांना नाही, मायला विचारलं, "वहिनी, ती पोरगी पुढं शिकली का?"

"अजून तिकडं आलो नाई आमी," माय म्हणाली, आणि भाकर जळते म्हणून आत गेली.

सर गेल्यावर बाबांनी मायला हाक मारली. "आजवर वाचली त्या पुस्तकाईत असंच केलं?"

"हो."

"कोनत्या कोनत्या?"

"सगळ्याच."

"म्हंजे थे खोटं वाचलं तू."

"खोटं नाई वाचलं," माय म्हणाली. "होतं थे वाचलं. नव्हतं थे सांगतलं."

बाबांना राग आला तर ते ओरडत नसत, काम वाढवत. त्यांनी मला सांगितलं की मायनं वाचलेली सगळी पुस्तकं डावीकडून काढून पुन्हा उजव्या भिंतीला लाव, ती वाचलेली धरता येत नाहीत. त्या रविवारची दुपार मी पुस्तकं वाहण्यात घालवली. बाबा प्रत्येक फेरी ऐकत होते. माय आत भांडी घासत होती, आणि नेहमीपेक्षा जोरात घासत होती. दुसऱ्या दिवसापासून वाचायचं काम माझ्याकडे आलं, तेही शाळेला जाण्याआधी. "पानावर असन तेवढंच," बाबांनी बजावलं. "एक अक्षर जास्त नाई, एक कमी नाई." दुपारच्या वेळी आता घरात कोणी बोलत नसे. माय ज्वारी पाखडत बसे, बाबा पोत्याच्या ओलाव्याकडे तोंड करून पडून राहत. दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत. "तुह्या बाबाले विचार, ताक पायजे का." बाबा तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसलेले असत.

त्यांना कशाचा राग आला होता ते मला तेव्हा कळत नव्हतं. आता वाटतं, डोळे गेल्यावर त्यांच्याजवळ विसंबायला एवढी एकच गोष्ट उरली होती की पुस्तकात आहे ते कानावर येतंय. तीच पायाखालून सरकली. आणि त्याहून वाईट म्हणजे, जिथं सरकली तोच भाग त्यांना सगळ्यात जास्त आवडला होता.

ती वकिलाच्या घरची कादंबरी बाबांनी मला पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला लावली. मी इमानानं वाचत गेले. ना भाकर, ना चून. बाबा हूं की चूं न करता ऐकत. एका सकाळी आम्ही त्या संध्याकाळपर्यंत पोचलो. शाळेला सुट्टी होती. माय मागच्या दारात सूप घेऊन बसली होती. मी सूनबाईच्या दुःखाचं पहिलं पान वाचलं, मग वाचलं, "अंगणात कोणी बाई मोळी टाकून गेली," आणि पुढच्या वाक्याला लागले.

बाबांनी हात वर केला. "थांब. मागचं वाच."

मी वाचलं.

"बस? एवढंच?"

"एवढंच."

"नाव?"

"नाई."

बाबा म्हणाले, "शुद्धिपत्र पाय मागं. छापताना राहून गेलं असन."

मी शेवटचं पान उघडून शुद्धिपत्र वाचलं. त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत्या, एका ठिकाणी 'मन'चा 'मान' झाला होता. बाईचं काही नव्हतं. तसं मी सांगितलं. मागच्या दारातला सुपाचा आवाज कधीचा बंद झाला होता.

"अवो," बाबांनी हाक मारली. कितीतरी दिवसांनी सरळ मायलाच. "इकडं ये. हे पोट्टी पुढं पळून राहिली. इथून तू सांग."

"मले जवारी निसाची हाय," माय म्हणाली.

"आन इकडंच."

माय सूप घेऊन आली आणि बाबांच्या जवळ बसली. तिनं पुस्तक मागितलं नाही. खडे वेचता वेचता म्हणाली, "कुठवर आलतो आपन?"

"पोरगी मोळीवर हाय," बाबा म्हणाले. "अन् रखमीनं खालून धरलं हाय."

"हां," माय म्हणाली, आणि सांगायला लागली. मी पुढं कुठून वाचायचं ते विसरू नये म्हणून त्या ओळीवर बोट ठेवून बसले. त्या दिवशी पोरीनं फळ्यावरचे सगळे पाढे उतरवून घेतले, खिडकी बंद झाली, मायलेकी नदी उतरून पलीकडे गेल्या, घर आलं, चूल पेटायला वेळ लागला कारण लाकडं ओली होती, आणि अजून कालवण व्हायचं होतं. तोपर्यंत खिडकीतल्या सूनबाईंना तसंच रडत थांबावं लागणार होतं.